शंभरात दहा

नॉर्वेतली एक बालवाडी. पाऊस पडतोय, तरी मुलं बाहेरच आहेत. अंगात रेनसूट, पायात गमबूट. ओंडक्यावर बसलेले शिक्षक चार वर्षांच्या मुलीला चाकूनं काठी तासायला शिकवतायत. पातं अंगापासून लांब धरायचं, काठी गुडघ्याच्या बाहेर. हात चुकला की ते तिला थांबवतात, पकड नीट करून देतात आणि पुन्हा तासू देतात.

नॉर्वेच्या बालवाड्यांत शंभर कर्मचाऱ्यांमागे साधारण दहा पुरुष आहेत. जगाच्या मानानं हा आकडा बराच वरचा! इंग्लंड आणि अमेरिकेत तो तीनच्या आसपास घुटमळतो.

हे दहासुद्धा आपोआप आलेले नाहीत. १९९७ मध्ये नॉर्वे सरकारनं आराखडा आखला: २००० सालापर्यंत वीस टक्के पुरुष. १९९८ मध्ये नियम केला, की पात्रता सारखी असेल तर बालवाडीच्या नोकरीत पुरुष उमेदवाराला प्राधान्य देता येईल. काही गावांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सुटल्यावर बालवाडीत चिमुरड्यांशी खेळायला बोलावलं, त्याचे पैसेही दिले. या वयात गोडी लागली तर पुढे हे काम परकं वाटणार नाही, हा त्यामागचा विचार. मला तो फार मोलाचा वाटतो. दिवसभर रानात भरणाऱ्या बालवाड्यांकडे पुरुष जास्त वळले. वीस टक्के मात्र देशाला आजही गाठता आलेले नाहीत.

जर्मनीनं २०११ ते २०१३ या काळात युरोपीय निधीतून खास मोहीम चालवली. तिथं दोन दशकांत तीन टक्क्यांवरून आठच्या जवळपास मजल गेली, बर्लिन आणि हॅम्बर्ग तर दहाच्याही पुढे.

आकडे शेजारी-शेजारी मांडताना एक पथ्य पाळावं लागतं. नेदरलँड्समध्ये चार वर्षांचं मूल थेट प्राथमिक शाळेत जातं, त्या शाळेतले पुरुष शिक्षकही मोजणीत येतात, म्हणून तिथली टक्केवारी वर दिसते. कुठे फक्त शिक्षक मोजतात, कुठे मदतनीसही.

पुरुष येत का नाहीत? पगार कमी, बढती जवळपास नाही. आणि संशय. पुरुषानं मुलाचं लंगोट बदललं की काही पालकांना धास्ती वाटते. मुलांच्या सुरक्षेचे नियम कडकच हवेत, पण ते स्त्री-पुरुष दोघांना सारखे हवेत. एकट्या पुरुषावर नजर ठेवली, तर चांगला शिक्षक पहिल्याच वर्षी निघून जातो.

आता आपल्याकडे येऊ. १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू झालं. वकिली सोडून ते चालवणारे गिजुभाई बधेका यांना लोक 'मुछाळी माँ', म्हणजे मिशावाली आई, म्हणत. ताराबाई मोडकांनी त्यांच्यासोबत काम केलं आणि पुढे बोर्डी, कोसबाडला बालशिक्षण उभं केलं. पण १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली, तेव्हा अंगणवाडी सेविकेचं पद स्त्रियांसाठीच ठेवलं गेलं. त्यातून गावोगावच्या लाखो बायकांना काम मिळालं, आणि ते त्यांच्याकडेच राहायला हवं. मात्र त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, त्यात वाढीव मानधनाची मागणीही होती.

आणि आता जिल्हा परिषदेच्या शाळेचं आवार बघा. अंगणवाडी अनेकदा त्याच आवारात असते. तिथं पाच वर्षांच्या मुलाला ताई शिकवतात. तेच मूल वर्षभरानं पलीकडच्या खोलीत पहिलीत बसतं, तेव्हा समोर बऱ्याचदा गुरुजी असतात. गुरुजी त्याचं नाक पुसतात, रडलं तर कडेवर घेतात, हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात. गावात कुणाला यात काही वावगं दिसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हे वय एकाच पायाभूत टप्प्यात धरलंय. मग शाळांमध्ये बालवाटिकेचे, म्हणजे पहिलीच्या आधीचे, नवे वर्ग उघडताना प्रशिक्षित शिक्षकाची जागा पुरुषांनाही खुली हवी, आणि तिला पूर्ण पगार हवा. ताईंनाही तोच.