पेव भरणारे हात

(सांगलीत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण म्हणतो, पेव फुटलंय. सध्या एआयचं पेव फुटलंय. पण सांगलीजवळच्या हरिपूरची खरी पेवं तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीत? जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद, पोट मोठं. सांगलीची हळद त्यांत वर्षानुवर्षं टिकायची. 2005च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. मला त्यातली एकच गोष्ट सांगायचीय: पेवातून हळद निघते, कारण कुणीतरी ती आधी भरलेली असते.

एआय कोड लिहितं, ते कशाच्या जोरावर? लोकांनी उघड्यावर लिहून ठेवलेल्या कोडच्या आणि प्रश्नोत्तरांच्या. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ 2008 साली सुरू झालं. तिथं कुणी अडायचं, दुसरा उत्तर द्यायचा, तिसरा म्हणायचा, ‘नव्या आवृत्तीत हे चालत नाही.’ ती हुज्जत फार मोलाची होती. 2021मध्ये कोड सुचवणारं कोपायलट आलं, 30 नोव्हेंबर 2022ला चॅटजीपीटी. आता आपण खासगीत विचारतो, उत्तरही खासगीत राहतं. स्टॅक ओव्हरफ्लोवरचे नवे प्रश्न झपाट्याने घटले. गुगलवरही शोधाच्या डोक्यावर तयार सारांश येतो, मग खालचं मूळ पान कोण उघडणार?

एक अनुभव सांगतो. अडत दुकानासाठी आम्ही छोटा प्रोग्राम करत होतो. सौदा कधी झाला, शेतकऱ्याचे पैसे किती दिवस थकले, एवढंच काढायचं होतं. एआयने पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत क्षणात कोड दिला. चालला, एकही एरर नाही. पण दिवस जुळेनात. 05/03 म्हणजे आपला 5 मार्च. त्याने 3 मे धरला. 13/03 मात्र बरोबर 13 मार्च, कारण तेरावा महिनाच नसतो! अमेरिकन पद्धतीत महिना आधी लिहितात, आणि वापरलेली लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, काही न सांगता तेच गृहीत धरत होती. बारा तारखेपर्यंतचे बहुतेक सगळे सौदे चुकीचे, पुढचे बरोबर. दिवस आधी असतो, एवढं कोडला बजावल्यावर हिशोब जुळला. ही चूक अडत्याच्या वहीवर बोट ठेवून तारखा ताडल्या तेव्हाच सापडली.

‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी 2025मध्ये वापरला. एआयने दिलेला कोड न वाचताच पुढे जायचं, अशी ती पद्धत. शनिवार-रविवारच्या, वापरून फेकून द्यायच्या प्रयोगांसाठी ती ठीक, असं त्यांनीच म्हटलं होतं. शेतकऱ्याची पट्टी ही फेकून द्यायची गोष्ट नाही.

तो तारखेचा घोळ मी मराठीत, कोडच्या ओळींसकट, सगळ्यांना वाचता येईल असा लिहून ठेवलाय. बेदाण्याच्या वजनाचा, उसाच्या बिलाचा असा एखादा गुंता तुम्हीही सोडवला असेल. आधी काय चुकलं, कुठल्या आवृत्तीत, शेवटी कसं सुटलं, एवढं लिहा. आजच सुरुवात करायची असेल तर मी तासभर इथंच आहे.