गरिमा वाढली कुणाच्या पोटात?

(सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य)

हे म्हशीचं बीजांड. वरचं कवच एन्झाइमनं विरघळवलंय, म्हणून इतकं लिबलिबीत दिसतंय. कडेचा हा बारीकसा उंचवटा पाहा. केंद्रकातला, म्हणजे पेशीच्या गाभ्यातला, आनुवंशिक ऐवज त्याच्याखाली असतो. हातातल्या पात्यानं तेवढाच तुकडा उडवायचा. पातं सरकलं तर ऐवज आत राहतो आणि बीजांड फुकट जातं. जास्त कापलं तर पेशीद्रव अपुरं पडतं.

हरियाणात, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत असं हातानं क्लोनिंग होतं, म्हणजे एका जनावराची हुबेहूब नक्कल बनवतात. कत्तलखान्यातून आलेल्या अंडाशयांतली बीजांडं सुईनं ओढून घेतात आणि 38.5 अंशांवर जवळपास दिवसभर पिकवतात. केंद्रक काढलेल्या दोन बीजांडांच्या मधोमध ज्याची नक्कल करायची त्या जनावराच्या कातडीतली एक पेशी चिकटवतात. विजेच्या झटक्यानं तिन्ही एकजीव होतात. मग रसायनांची चालना, आणि सात-आठ दिवस इनक्युबेटरमध्ये भ्रूण वाढवायचा.

इथवरचा हिशेब चोख असतो. किती बीजांडं कापली, किती जुळली, किती भ्रूण तगले, सगळं वहीत.

(गोठा. कानात बिल्ला असलेली म्हैस)

तगलेला भ्रूण हिच्या पोटात जातो. दहा महिने हिनं वाहायचं. आपण कातडीची पेशी होतो याच्या जुन्या खुणा त्या पेशीवरून पुरत्या पुसल्या जात नाहीत, म्हणून वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, नीट धरत नाही. गर्भाशयाला जोडणाऱ्या तिच्यावरच्या गाठी थोड्या आणि फुगलेल्या असतात. गर्भाच्या पिशवीत पाणी साचतं. गाभ पडतो. कधी पिल्लू इतकं वाढतं की पोट फाडूनच काढावं लागतं. गाईगुरांच्या क्लोनिंगमध्ये हे पुन्हापुन्हा दिसलंय.

(जन्मलेली पारडी)

6 फेब्रुवारी 2009 ला कर्नालची पहिली क्लोन पारडी जन्मली आणि काही दिवसांतच गेली. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरी क्लोन पारडी, गरिमा, आली. ती दोनेक वर्षं जगली. तिच्यानंतरच्या क्लोन म्हशीचं नावही गरिमाच; या दुसऱ्या गरिमाला 2013 मध्ये स्वतःचं पिल्लू झालं, महिमा. 2023 मध्ये गंगा, गीर जातीच्या गाईची क्लोन कालवड. ही नावं देशभर छापून आली.

स्कॉटलंडमध्ये 1996 साली डॉली या क्लोन मेंढीसाठी 29 भ्रूण 13 मेंढ्यांच्या पोटात सोडले होते. कोकरू एकच जन्मलं.

भ्रूणांची वही आहे, तशीच गाभ वाहणाऱ्या प्रत्येक म्हशीची हवी आणि ती सर्वांना वाचता यायला हवी. हिच्या पोटात किती वेळा भ्रूण सोडले, किती गाभ पडले, पोट किती वेळा फाडलं, आणि त्यानंतर ती कुठे गेली.

(बिल्ल्यावरचा आकडा, जवळून)