तीन पेनीचा चहा

१६ डिसेंबर १७७३. बॉस्टन बंदर. मोहॉक आदिवासींचा वेश केलेले लोक डार्टमथ, एलेनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवर चढले आणि त्यांनी कुऱ्हाडींनी पेट्या फोडल्या. ३४२ पेट्या चहा समुद्रात गेला.

गंमत अशी, की त्या वर्षी चहा महागला नव्हता. उलट स्वस्त झाला होता.

मग भांडण कशाचं?

१७६३ मध्ये ब्रिटनने फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध जिंकलं, पण सरकारी कर्ज जवळपास दुप्पट करून. लंडन अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींना म्हणालं, तिथली फौज तुमच्या रक्षणासाठी आहे, थोडा भार तुम्हीही उचला. ऐकायला वाजवीच वाटतं.

१७६५ मध्ये स्टॅम्प ॲक्ट आला. वर्तमानपत्रं, दस्तऐवज, परवाने, अगदी पत्त्यांच्या जोडावरही कर! ज्यांच्या हाती लेखणी आणि छापखाना, नेमक्या त्या वकील-संपादकांच्याच खिशात सरकारने हात घातला. आणि ते गप्प बसणारे नव्हते. आमच्यावर कर लावायचा तर तो आमच्या विधानसभांनी. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, ते कोण लागून गेलं?

बॉस्टनमध्ये स्टॅम्प वाटपाचं काम मिळालेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला लटकला. विलायती मालावर बहिष्कार पडला, तशी इंग्लंडचे व्यापारीच ओरडू लागले. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला. वसाहतींत जल्लोष झाला. त्या गडबडीत त्याच दिवशी मंजूर झालेल्या दुसऱ्या कायद्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्यात लिहिलं होतं: वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा अधिकार पार्लमेंटला आहे.

खरी ठिणगी इथे आहे. कर मागे गेला, पण हक्क सोडला नाही.

पुढच्याच वर्षी काच, कागद, शिसं, रंग आणि चहा यांवर जकात बसली. पुन्हा बहिष्कार. १७६८ मध्ये बॉस्टनमध्ये फौज उतरली आणि ५ मार्च १७७० ला सैनिकांच्या गोळीबारात पाच जण गेले. नेमक्या त्याच दिवशी लंडनमध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ या जकाती उठवण्याचा प्रस्ताव मांडत होते. एक सोडून. चहावर पौंडामागे तीन पेनी कायम! तिजोरीसाठी कमी, हक्क दाखवायला जास्त.

मग मंचावर आली ईस्ट इंडिया कंपनी. हो, तीच, जिच्याशी १७७५ मध्ये राघोबादादांनी सुरतेचा तह केला. गोदामं चिनी चहाने तुंबलेली, कंपनी दिवाळखोरीच्या काठावर. तिला वाचवायला पार्लमेंटने अमेरिकेत थेट चहा विकायची मुभा दिली. जकात धरूनही हा चहा चोरट्या डच चहापेक्षा स्वस्त पडणार होता. चोरट्या मालावर गबर झालेले व्यापारी चिडले, हेही खरंच. पण बाकीच्यांना यात डाव दिसला: स्वस्ताईला भुलून पेला उचलला, की पार्लमेंटचा हक्क मान्य केल्यासारखंच.

चहा बुडाला आणि लंडनने अख्ख्या शहराला शिक्षा दिली. १७७४ मध्ये बॉस्टन बंदर बंद केलं. बॉस्टन ज्या वसाहतीत, त्या मॅसॅच्युसेट्सचा स्वराज्याचा अधिकार छाटला. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच. ही घोडचूक होती. कालपर्यंत बॉस्टनच्या दंगेखोरांना नाकं मुरडणाऱ्या वसाहतींना कळलं, उद्या हे आपल्याही दारात येईल. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात बारा वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले.

१९ एप्रिल १७७५ ला मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टनमध्ये युद्धाची पहिली गोळी सुटली. ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा आला.

१७७८ मध्ये पार्लमेंटने कायदाच केला, की महसुलासाठी वसाहतींवर कर लावणार नाही. हा निरोप घेऊन ब्रिटिश दूत जूनमध्ये अमेरिकेत पोहोचले. पण फेब्रुवारीतच अमेरिकेने फ्रान्सशी तह केला होता. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, उत्तर धाडलं: आधी स्वातंत्र्य मान्य करा, नाहीतर फौजा आणि आरमार काढून घ्या, मग बोलू.