खाट, स्टोव्ह आणि फुटके पापड

नमस्कार श्रोतेहो. घरून फराळ, मसाले, लोणची विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, छोटं दुकान चालवणाऱ्या सगळ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. लॅपटॉप बदलायचा का, प्रिंटर घ्यायचा का, जाहिरातीवर पैसे घालायचे का, हे प्रश्न तुमच्या घरात रोज निघत असतील. त्यांच्या आधी एकच प्रश्न विचारा. काम नेमकं कुठं अडतंय? पुन्हा सांगते, काम कुठं अडतंय?

चला, गिरगावात जाऊ. तारीख १५ मार्च १९५९. लोहाणा निवास नावाच्या इमारतीची गच्ची. सात गुजराती गृहिणी तिथं पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल करमसी पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबापा, यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. बायका दोन प्रतींचे पापड करायचं म्हणत होत्या, एक चांगली आणि एक स्वस्त. बापांनी सांगितलं, एकच प्रत करा, चांगली करा, आणि हिशेब चोख ठेवा.

मग आला पावसाळा. तुम्हाला काय सांगायचं, वाळवणाला ऊन लागतं. ओलसर पापड डब्यात भरला की बुरशी धरतो. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद पडलं. चार महिने! बारातले चार महिने कमाई नाही म्हणजे धंदा मोडायचीच वेळ.

दुसऱ्या वर्षी त्यांनी काय विकत घेतलं असेल? एक खाट आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. गरम हवा वर जाते, जाताना पापडातला ओलावा घेऊन जाते. बाहेर पाऊस कोसळत असताना आत पापड वाळत होते. अडलं होतं ते वाळवण, म्हणून पैसा गेला तो वाळवणावर. बाकी पोळपाट-लाटणं तेच राहिलं. (आज घरात हा प्रयोग मात्र करू नका, कपड्याला आग लागायला क्षण पुरतो. ट्रे असलेला विजेवरचा ड्रायर मिळतो.)

आणि जाहिरात? फुटके पापड शेजारीपाजारी वाटून टाकायचे. विकता न येणारा माल, पण चव तीच. बोलबाला तोंडातोंडी झाला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पापडाचं नावसुद्धा १९६२ साली स्पर्धा घेऊन ठरवलं, बक्षीस पाच रुपये. धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेलं ते नाव म्हणजे लिज्जत.

जाता जाता सांगते, पापड भाजूनच खावा. तळलेल्या पापडात उडदाची आणि हिंगाची चव तेलाखाली दबून जाते. माझं हे मत कुणी बदलू शकलेलं नाही.

तर, काम कुठं अडतंय? हिशेबाचा लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेत असेल, तर नवा घेण्याआधी आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क आहे का ते पाहा. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम, म्हणजे काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी, आठ जीबी केली की बहुतेक वेळा भागतं. आधी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती वाढत नाही, म्हणून मॉडेल नंबर दाखवूनच भाग घ्या. जुना लॅपटॉप विकत घेणार असाल तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. विंडोज १० ची नेहमीची मदत, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ इंटेलच्या त्याआधीच्या पिढ्यांतल्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. पत्रं आणि हिशेबाला लिब्रे ऑफिस फुकट आहे. जीएसटी नोंदणी असेल तर खरेदीचं बिल स्वतःच्या जीएसटी नंबरवरच मागा, नाहीतर त्या कराची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) हातची जाते. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायची छोट्यांसाठीची योजना घेतलेल्यांना, ती मिळतच नाही.

इंकचा प्रिंटर पंधरा दिवस बंद राहिला की नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई वाळू शकते. आठवड्याला एक रंगीत पान काढायचं. फक्त बिलं काढायची असतील तर छोटा थर्मल प्रिंटर घ्या, शाईच लागत नाही. ते बिल उन्हात पुसट होतं, तेव्हा जपून ठेवायचं असेल तर फोटो काढा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. गूगलवर दुकानाची नोंदही फुकट. पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या.

व्हॉट्सॲप बिझनेसही फुकट. कॅटलॉगमध्ये फोटो घाला, पण सकाळी खिडकीपाशी काढलेले, ट्यूबलाइटखालचे नकोत. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एकदम पुष्कळांना पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात. इथं पुष्कळांचं चुकतं. यादीतल्या माणसानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ऐका, नंबर सेव्ह नसेल तर मेसेज पोचत नाही. म्हणून दिवाळीच्या प्रत्येक ऑर्डरीत फुटक्या चकल्यांची छोटी पुडी टाका आणि सोबत चिठ्ठी. चिठ्ठीवर ठळक मराठीत तुमचं नाव, काय काय करता ते, नंबर, आणि शेवटची ओळ: हा नंबर सेव्ह करा.