थर जातो, यीस्ट राहतं

तुर्भ्याच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला सकाळपासून निवडायचं काम चालू असतं. या ताई इथल्याच, राहायला घणसोलीला. चेहरा आपण दाखवणार नाही, नावही घेणार नाही. बरीच वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहेत, रात्री जेवण झालं की गोळी, ती काही चुकत नाही, आणि व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याच्या, रिपोर्टमध्ये व्हायरस सापडतच नाही. तरी जीभ पांढरी होते, बरी होते, परत पांढरी.

शेजारणी म्हणतात तोंड आलंय, जाईचा पाला चाव, मेडिकलवाला बी कॉम्प्लेक्स देतो. त्याने काय होणार, हा थर कॅन्डिडा नावाच्या यीस्टचा आहे, आणि ते तर धडधाकट माणसांच्या तोंडातही असतं, तुमच्या-माझ्याही असेल कदाचित. नुसतं असणं हा आजार नव्हे. सीडी4, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, 200 च्या खाली गेला की ते फोफावायची भीती जास्त, मग दह्याच्या कवडीसारखे डाग दिसतात, पुसले तर निघतात आणि खाली लालभडक.

औषध आहे की. माऊथ पेंट, नाहीतर फ्लुकोनॅझोलची गोळी, साधारण 7 ते 14 दिवस. डाग जातात पण यीस्ट सगळं जात नाही, एआरटी नीट चालू असली तरी बऱ्याच जणांच्या तोंडात ते मुक्काम ठोकून असतं. आणि आपली सवय काय, जरा पांढरं दिसलं की चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बंद. असं सारखं केलं की गोळीला दाद देणारं मरतं, न देणारं उरतं. क्रुसेई नावाची जात तर फ्लुकोनॅझोलला मुळातच जुमानत नाही. आयर्लंडला डब्लिनमध्ये एचआयव्ही पेशंटच्याच तोंडात अजून एक जात सापडली, दिसायला थेट अल्बिकन्स या नेहमीच्या जातीसारखी, 1995 साली तिचं नावच पडलं डब्लिनिएन्सिस.

ताईंच्या बाबतीत घोळ वेगळाच होता. वरची कवळी. दिवसभर तोंडात, झोपतानाही तोंडात, कारण दात नसलेलं तोंड घरच्यांनी बघू नये. दातांच्या डॉक्टरांनी ती काढून उलटी धरली तर टाळूकडची बाजू बुळबुळीत, आणि टाळूवर बरोब्बर कवळीच्या आकाराचा लाल पट्टा. यीस्ट अॅक्रिलिकला असा चिकट थर धरून बसतं की गोळीचं औषध तिथे नीट पोचत नाही. मग गोळी बदलून काय उपयोग! आता रात्री कवळी बाहेर, आधी ब्रशने घासायची मग भिजत टाकायची. शुगरही तपासली, तेही एक कारण असतं, दम्याचा पंपसुद्धा, बिडीसुद्धा.

डॉक्टर आता कल्चर, म्हणजे तोंडातला नमुना घेऊन यीस्ट वाढतं का बघायची तपासणी, परत करत नाहीयेत, तोंडाला काही त्रास नसेल तर ते पॉझिटिव्ह आलं म्हणून गोळी द्यायची नसते. पण घास गिळताना छातीत दुखायला लागलं तर यीस्ट अन्ननलिकेत उतरलेलं असू शकतं, तेव्हा पुढच्या तारखेची वाट न बघता सरळ एआरटी सेंटरला यायचं, हे मात्र ताईंना दोनदा बजावलंय.