जाळीवर मावेल तेवढेच: फिरत्या बार्बेक्यू व्यवसायाविषयी
(फोंडा येथे व्यवसाय सुरू करू इच्छिणाऱ्या महिला आणि तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

उपस्थित भगिनींनो आणि मित्रांनो,

फिरता बार्बेक्यू म्हणजे जाळी यजमानांच्या दारी नेऊन निखाऱ्यांवर मासळी-मांस भाजून वाढण्याचा धंदा. त्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न मसाल्याचा येतो. मासळीला लावायचा लाल रेशाद मसाला घरी वाटावा की विकत आणावा, काफ्रियालला, म्हणजे हिरव्या मसाल्याच्या कोंबडीला, हिरवी मिरची किती घालावी, असे मला सतत विचारले जाते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण गोव्यात उत्तम मसाला वाटणारे हात घरोघरी आहेत आणि त्यावाचून कोणाचा धंदा अडल्याचे मी पाहिलेले नाही. धंदा अडतो तो आपल्या जाळीवर एका वेळी किती मावते आणि ते शिजायला किती वेळ लागतो, याचा हिशेब न केल्यामुळे. आज मी मुख्यतः याच हिशेबाविषयी बोलणार आहे.

माझी दुसरीच ऑर्डर माशेलजवळच्या एका घरातल्या साखरपुड्याची होती. पाहुणे शंभर, जाळी एक आणि मदतीला माझा धाकटा भाऊ. पहिला घाणा उतरेपर्यंत अंगणात ताटे घेऊन रांग उभी राहिली, म्हणून मी निखारे वाढवले. कोंबडीच्या तंगड्यांवर सुरेख काळसर डाग पडले आणि त्या शिजल्या असे समजून मी वाढायला घेतल्या. मुलाच्या काकांनी तंगडी मोडली, आतले गुलाबी, लिबलिबीत मांस पाहिले आणि काही न बोलता ताट माझ्यापुढे आणून ठेवले. मी वाढलेली सगळी ताटे परत मागवली आणि निम्मे पैसे यजमानांना परत केले. त्या काकांचा चेहरा मला आजही आठवतो, कारण त्या ताटात त्यांच्या घरातल्या लहान मुलांचाही घास होता.

त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. समजा, आपली जाळी ४ फूट लांब आणि २ फूट रुंद आहे, म्हणजे ८ चौरस फूट. तिचा एक तृतीयांश भाग निखाऱ्यांविना ठेवावाच लागतो, कारण चरबी ठिबकून ज्वाळा उठली की तुकडे सरकवायला जागा हवी. उरलेल्या पाच-सव्वापाच चौरस फुटांत, हवा खेळण्यापुरते अंतर ठेवून, तीसेक तंगड्या बसतात. मध्यम आचेवर एका घाण्याला, मांडण्या-उतरवण्याचा वेळ धरून, ४० मिनिटे जातात. दोन तासांत तीन घाणे, नव्वद तंगड्या. माणशी दोन धरल्या तर पंचेचाळीस पाहुणे. माझ्या हातून शंभर माणसे जेवणे त्या दिवशी शक्यच नव्हते, मग मसाला कितीही चांगला असो.

म्हणून मी पदार्थांची यादी घड्याळ समोर ठेवून करते. सोललेली कोळंबी चार-पाच मिनिटांत होते, बांगड्याला दहा-बारा मिनिटे पुरतात, तंगडीला सर्वांत जास्त वेळ लागतो. कोळंबी आणि बांगडा पहिल्या अर्ध्या तासाची भूक भागवतात आणि तेवढ्या अवधीत तंगडीला निवांत शिजायला मिळते. बांगड्याला रेशाद लावल्यावर तो अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नये; मसाल्यातल्या सुरेच्या, म्हणजे माडीच्या, व्हिनेगरने मासळीचे मांस पिठूळ होते आणि जाळीवर उलटताना तुटते. अमेरिकेत ज्याला बार्बेक्यू म्हणतात ते भाजणे नव्हेच. डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या धुरात दहा-बारा तास ठेवतात. ही पद्धत आपल्याला एका कारणासाठी शिकण्यासारखी आहे: ते मांस आदल्या रात्री सुरू करून वेळेआधीच तयार होते आणि ६० अंशांच्या वर गरम राखले तर समारंभाच्या वेळी जाळी मोकळी राहते.

शिजले की नाही, हे रंगावरून ठरवू नका. पूर्ण शिजलेल्या कोंबडीच्याही हाडाजवळ कधी लाली दिसते आणि कच्च्या कोंबडीवर, माझ्या बाबतीत झाले तसे, वरून छान डाग दिसतात. सुईचा थर्मामीटर विकत घ्या, तो हाडाला न टेकवता मांसाच्या सर्वांत जाड भागात खुपसा आणि ७४ अंश दिसल्याशिवाय तुकडा उतरवू नका. कच्चा माल बर्फाच्या पेटीत ५ अंशांच्या खाली न्यावा आणि ती पेटी शिजलेल्या पदार्थासाठी कधीही वापरू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नियम आपल्या हवेला नेमका लागू पडतो: बाहेर तापमान ३२ अंशांपेक्षा जास्त असेल तर अन्न एका तासाहून अधिक वेळ उघड्यावर राहू देऊ नये. एप्रिल-मेमध्ये आपल्या अंगणात दुपारी किती गरम होते, हे मी फोंडेकरांना सांगायला नको.

विस्तवासाठी मी करवंटीचा कोळसा वापरते. तो घट्ट असतो, धूर कमी करतो आणि बराच वेळ टिकतो. रॉकेल ओतून पेटवला तर त्याचा वास मासळीला लागतो. निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत अर्धा तास थांबावे लागते. तो अर्धा तासही वेळेच्या हिशेबात धरा. पावसात यजमान जाळी बंद खोलीत मांडायला सांगतात. तेव्हा स्पष्ट नकार द्यावा, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

शाकाहाराकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे कोणी सोमवारी, कोणी गुरुवारी मासळी खात नाही, श्रावण वेगळाच आणि एकाच लग्नात दोन्ही प्रकारचे पाहुणे असतात. शाकाहारी पाहुण्यांसाठी जाळी, चिमटा आणि तेल लावायचा ब्रश वेगळा ठेवा, आणि हे सगळे वेगळे आहे हे त्यांना दिसेल अशा ठिकाणी मांडा. नीरफणसाच्या जाड कापांना मीठ-मिरची लावून जाळीवर ठेवा. पनीरपेक्षा ते आधी संपतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असल्यामुळे त्या काळात मासळीचे भाव चढतात, म्हणून जूनच्या ऑर्डरचा दर मार्चमध्ये पक्का करू नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. त्यासाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात चौकशी करावी. जाळी नेण्यासाठी पिकअप गाडीच्या मूळ बांधणीत बदल करणार असाल तर आधी वाहतूक खात्याची परवानगी घ्या. घरगुती गॅस सिलिंडर धंद्याला चालत नाही. आणि किनाऱ्यावर जाळी मांडायचा आग्रह करणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगा की पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या २००१ च्या गोव्याच्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली असून तिथे उघड्यावर स्वयंपाक करणे गुन्हा आहे.

दर ठरवताना कच्च्या वजनावर जाऊ नका. भाजताना साधारण पाव भाग वजन पाणी आणि चरबीच्या रूपाने निघून जाते आणि गिऱ्हाईक पैसे देते ते ताटातल्या तुकड्याचे. पहिली ऑर्डर घेण्याआधी नात्यातल्या वीस माणसांना घरी जेवायला बोलवा. एकाला फक्त घड्याळ पाहायला बसवा आणि प्रत्येक घाणा केव्हा चढला, केव्हा उतरला ते लिहून ठेवायला सांगा. तो कागद जपून ठेवा. किती पाहुण्यांची ऑर्डर घ्यायची, ते त्यावरून ठरवायचे आहे.

शेवटी राखेविषयी. राखेखाली झाकलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. काजूच्या मोसमात बागायतीत वाळलेला पाला पसरलेला असतो आणि यजमान अगदी सहज म्हणतात, राख तिथेच माडाच्या मुळाशी टाका. टाकू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा गाडीत ठेवा, राखेवर पाणी शिंपडून ती त्यात भरा, घरी आणा, आणि दुसऱ्या दिवशी डबा आतपर्यंत गार झाल्याची खात्री करूनच रिकामा करा.