अर्ध्या झाकणाचं भांडं

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात कुंभार वेशीपाशी बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे गंजलेले पाने, पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं यांच्या ढिगात कुठेतरी चिनी मातीची एखादी वस्तू असते. कान नसलेला कप नव्हे, फुटकी बरणीही नव्हे. वस्तू धडधाकट असते, पण ती कशाची हे विकणाऱ्याला सांगता येत नाही आणि घेणाऱ्यालाही. अशा वस्तूचा उपयोग कसा ओळखायचा, हा आजचा विषय. कागदावर चार मुद्दे काढून आणलेत. पण आधी भांड्याची गोष्ट सांगते, कारण ते मुद्दे मला त्या भांड्यानेच शिकवले.

एका रविवारी मला तिथे पांढरंशुभ्र भांडं दिसलं. आकाराने आमटीच्या मोठ्या वाटीएवढं. एका बाजूने तोटी, चहाच्या किटलीला असते तशी, पण सरळ पुढे आलेली. कान मात्र तोटीच्या समोर नाही, कडेला. आणि मुख्य म्हणजे तोंड अर्धंच उघडं. तोटीकडचा अर्धा भाग वरून झाकलेला, आणि ते झाकण निघत नाही, भांड्याबरोबरच भाजलेलं. पुन्हा सांगते, म्हणजे डोळ्यांपुढे येईल: तोटी पुढे, कान कडेला, आणि तोटीच्या बाजूने अर्धं झाकण.

विकणारा म्हणाला, "ताई, साहेबाची चहाची किटली आहे. शंभर द्या." साठला दिली.

घरी आणून गरम पाण्याने, साबणाने, राखेने, सगळ्याने धुतलं. (राखेवरून आठवलं, भांड्यांना राखेसारखी चमक त्या हिरव्या वडीने येत नाही, कोणी काहीही म्हणो.) मग घरात तर्क सुरू झाले. मुलगा म्हणाला, झाडांना पाणी घालायचं असेल. सूनबाई म्हणाली, सॅलडवरच्या रसाचं. ह्यांनी चष्मा लावून बराच वेळ निरखलं आणि निकाल दिला, "हा मिशांचा कप." आता मिशांचा कप नावाची वस्तू खरोखर होती. विलायतेत गेल्या शतकाच्या आधीपासून, मेण लावून पीळ दिलेल्या मिशा चहात भिजू नयेत म्हणून कपाच्या तोंडाशी आडवी पट्टी केलेली असे. पण त्या कपाला तोटी कशाला हवी? ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं, निकाल होता.

मी वाद घातला नाही. पुढच्याच आठवड्यात होळी होती आणि मला त्या भांड्याचा उपयोग सापडला होता. तूप वाढायचं! पुरणपोळीवर तूप चमच्याने टाकलं की एका जागी थारोळं होतं. तोटीने कशी बारीक, अखंड धार पडते. कान कडेला असल्यामुळे नुसतं मनगट वळवलं की काम झालं, आणि अर्ध्या झाकणामुळे तूप कडेवरून उसळत नाही. मला वाटलं, हे याच कामासाठी केलेलं दिसतंय. (पोळीबरोबर दूध घेणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ते आज नको.)

पंगतीला चौदा माणसं. मी पदर खोचून त्या भांड्यातून सगळ्यांना तूप वाढते आहे आणि जो तो म्हणतोय, वा, काय सुबक भांडं आहे! मी दर वेळी सांगते, जुन्या बाजारातलं, साठ रुपये. पंगतीच्या टोकाला ह्यांच्या आत्याबाई बसलेल्या. वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. सगळी नोकरी सरकारी इस्पितळात परिचारिका म्हणून झालेली. मी तूप घातलं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोळी खाल्ली. दुसरी घेतली. परत तूप घेतलं. तीही खाल्ली. मग हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, हे भांडं तोंडाला लावायचं असतं. तेही झोपलेल्या माणसाच्या."

पंगत गप्प. आत्याबाईंनी भांडं मागवून घेतलं, ते घासलं, त्यात पाणी भरलं आणि माझ्या भाच्याला दिवाणावर आडवं व्हायला लावलं. भाचा इंजिनिअर, सहा फुटी. उशी मानेखाली, हनुवटी थोडी पुढे. त्या उजव्या अंगाला उभ्या राहिल्या. तोटी ओठाच्या कोपऱ्यातून गालाच्या आत ठेवली आणि मनगट इतकंसं वळवलं. "गिळ." तो गिळला. "गिळ." तो गिळला. एक थेंब उशीवर नाही.

मग आम्हाला म्हणाल्या, "वाटीने पाजायला गेलं तर सगळं नाकात आणि गळ्यावर. हे कलंडलं तरी वरून सांडत नाही, म्हणून तोटीकडे झाकण. पेज, दूध, सूप, सगळं यातून. अर्धं उघडं कशाला? भरता यावं आणि किती पोटात गेलं ते दिसावं म्हणून. आणि कान कडेला, कारण मी पेशंटच्या कडेला उभी. समोर उभं राहायला तो काय आरशात बघतोय?"

तेवढ्यात माझ्या जाऊबाई पुटपुटल्या, "म्हणजे मोठ्या माणसाचं बोंडलंच की." आणि ते अगदी खरं होतं! तान्ह्या बाळाला दूध पाजायचं तोटीचं बोंडलं आपल्या प्रत्येक घरात होतं, चांदीचं नाही तर पितळेचं. माझ्याच माळ्यावर एक आहे. आणि मी किटली, तूप, सॅलड असं सगळं फिरून आले.

भाच्याने उठून विचारलं, "आत्याआजी, यातून किती जणांनी प्यायलं असेल?" त्यावर जाऊबाईंनी ताटातली उरलेली पोळी हळूच बाजूला सारली. आत्याबाई म्हणाल्या, "उकळून घेतलं की काही होत नाही. मी दोनदा तूप घेतलं ना?"

तर श्रोतेहो, आता मुद्दे. वेळ फार उरलेला नाही, भराभर सांगते.

पहिला मुद्दा, आणि तोच महत्त्वाचा. वस्तू कशासारखी दिसते हे विचारू नका. हात कुठे येतो आणि माणूस कुठे उभा असतो हे विचारा. कान कडेला होता, हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. पाहिलं, पण विचारलं नाही. हात कुठे, माणूस कुठे, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा, झिलई बघा. आतून गुळगुळीत झिलई असेल तर बहुधा आत पातळ काहीतरी राहणार. आत आटे पाडलेले असतील, पितळी स्क्रू असतील, तर वस्तू स्वयंपाकघरातली नाही. आटे असलेली पांढरी टोपी तारेच्या खांबावरची. स्क्रूवाली चपटी वस्तू म्हणजे आपला जुना किटकॅट फ्यूज, ज्यात वडील काळोखात मेणबत्ती धरून तार आवळायचे. आणि मधे उंचवटा, भोवती खोलगट चर अशी वाटी मिळाली, तर तिला मेणबत्तीचा स्टँड समजू नका. जाळीच्या कपाटाचा पाय त्या उंचवट्यावर आणि चरात पाणी, म्हणजे दुधावर मुंग्या चढत नाहीत. हल्ली अशाच वाट्या 'व्हिंटेज' म्हणून दुकानात दिसतात. आईचं सामान भंगारात द्यायचं आणि दुसऱ्याच्या आईचं विकत आणायचं, असा सगळा प्रकार चाललाय.

तिसरा, भांडं उलटं करून बुडाचा शिक्का वाचा. अमेरिकेच्या 1890 सालच्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे बुडाशी नुसतं 'इंग्लंड' असेल तर वस्तू बहुधा 1891 नंतरची, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर सहसा विसाव्या शतकातली. जपानी मालावर 1921 पर्यंत 'निप्पॉन' असे, पुढे 'जपान'. माझ्या भांड्यावर 'इंग्लंड' आहे, अर्धवट पुसलेलं.

चौथा मुद्दा मी स्वतः पाळला नव्हता. जुन्या झिलईत शिसं असू शकतं. आंबट पदार्थाने ते सुटतं आणि कितीही धुतलं तरी जात नाही. तेव्हा अनोळखी भांड्यात लोणचं नको, ताक नको, चिंचेचं सार नको. तूपसुद्धा मी आता स्टीलच्या तोटीच्या भांड्यातूनच वाढते. धार तितकी बारीक पडत नाही.

आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात वस्तू द्या आणि गप्प बसा. काही सांगू नका. त्यांचा हात ती कशी धरतो, तेवढं बघा.

भांडं आता आमच्या काचेच्या कपाटात आहे, बोंडल्याच्या शेजारी. पाहुण्यांना मी पाजायचं भांडं म्हणून दाखवते. मी आत चहा टाकायला गेले की हे हळूच सांगतात, "मिशांचा कप आहे तो." ह्यांना स्वतःला मिशी नाही, कधीच नव्हती.

नमस्कार.